समुद्राचा बर्फ गोड असतो

नव्या बाईंचा फोन आला तेव्हा मावशी स्वयंपाकघरातले डबे धुऊन उन्हात मांडत होत्या. डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्यांनी दातांत धरल्या होत्या, त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट त्या नुसतं "अं, अं" करत राहिल्या.

"मावशी, ते समुद्राच्या पाण्याच्या बर्फाचं प्रात्यक्षिक आहे ना, ते आमच्याकडून होतच नाहीये हो," नव्या बाई म्हणाल्या. "सरांच्या टिपणात लिहिलंय अगदी तसंच केलं. समुद्राचं पाणी आणलं, ट्रेमध्ये ओतलं, संध्याकाळी फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी काढलं. टिपणात म्हटलंय, पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, म्हणून बर्फ गोड होतो. तीनदा केलं. तिन्ही वेळा बर्फ इतका खारट, की तोंडात धरवेना. पुढच्या शुक्रवारी शिक्षणाधिकारी येतायत. सरांनाही पाहुणे म्हणून बोलावलंय. मुख्याध्यापक म्हणाले, मावशींना बोलवा. सव्वीस वर्षांत तो प्रयोग त्यांच्या हातून एकदाही फसला नाही!"

चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या. त्यातली 'तूरडाळ' उडून साबणाच्या पाण्यात गेली.

प्रयोग एकदाही फसला नाही, हे खरं होतं. कारण सव्वीस वर्षांत तो एकदाही झाला नव्हता.

मावशी आणि विज्ञानाचे सर दोघंही गेल्याच वर्षी निवृत्त झाले होते; तोवर मावशी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. मदतनीस म्हणजे सर जे फळ्यावर लिहितात ते काचेच्या भांड्यात घडवून आणणारी व्यक्ती. पहिल्याच वर्षी, सातवीच्या वर्गापुढे प्रात्यक्षिक होतं आणि तपासणीला पाहुणे यायचे होते. मावशींनी सकाळी सर यायच्या आधी बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवला. तो खारट तर होताच, वर कडूही होता. बाहेर पाहुण्यांची गाडी लागत होती. शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये सरबतासाठी लावलेला नळाच्या पाण्याचा बर्फ होता. पुढचं सगळं दीड मिनिटात झालं. मुलांनी आधी समुद्राचं पाणी चाखून तोंडं वाकडी केली, मग बर्फ चाखून टाळ्या वाजवल्या. सर इतके खूश झाले, की त्यांचा आवाज कापायला लागला.

दुसऱ्या वर्षी मावशींनी प्रामाणिकपणे पुन्हा करून पाहिलं. पुन्हा खारट. पुन्हा नळ. तिसऱ्या वर्षापासून त्यांनी वेळ वाचवला आणि थेट नळाकडे गेल्या. मात्र दर वर्षी समुद्रावर जाऊन एक बाटली भरून आणायची, तिला तारीख घालून चिठ्ठी लावायची आणि ती टेबलावर डावीकडे ठेवायची, हे त्यांनी कधी चुकवलं नाही. खोटेपणातही काही शिस्त हवी, असं त्यांचं मत होतं.

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी 'समुद्राचा बर्फ गोड असतो' असं दोन पानी टिपण लिहिलं, ते छापून आसपासच्या शाळांत वाटलं गेलं. आसपासच्या शाळांचा बर्फ खारट निघाला. त्यांनी फ्रिज बदलले.

"येते ना," मावशी फोनवर म्हणाल्या. "पण तयारी मी घरीच करीन. शाळेतल्या फ्रिजचा मला आता अंदाज नाही."

फोन ठेवून त्या स्टुलावर बसल्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काय गं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. अहो, समुद्राचा बर्फ खरंच गोड असतो का?"

"म्हणजे? तूच तर करायचीस."

मावशींनी त्यांना सगळं सांगितलं. काकांनी आयुष्यभर पोस्टात पत्रं लावली होती, चुकीच्या खणात गेलेल्या पत्राचं दुःख त्यांना कळत असे. त्यांनी पेपराची घडी घातली.

"मग यंदाही नळाचाच ने," ते म्हणाले.

"सत्तावीस होतील."

"सव्वीस काय, सत्तावीस काय."

"तसं नाही. सर म्हणायचे ते खरं असेल, तर मी फक्त आळशी ठरते. खोटं असेल, तर मी हजारभर मुलांना खोटं चारलं. यातलं मी नेमकं काय केलं, एवढं तरी मला कळायला नको का?"

आठ दिवस हातात होते. मावशींनी वही काढली, समास आखला आणि फ्रीजर रिकामा करायला घेतला. त्यात काकांचा व्हॅनिला आइस्क्रीमचा नवा, न फोडलेला, दोन किलोचा डबा होता.

"हा कुठे ठेवू?" काकांनी विचारलं.

"पोटात," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी काका समुद्रावरून प्लास्टिकचा कॅन भरून आणायला गेले. वाटेत चारजणांनी विचारलं, हे कशाला? खरं सांगायची चोरी, म्हणून काकांनी गुडघ्यांवर हात ठेवला आणि सूचक हसले. दुपारपर्यंत इमारतीत बातमी होती, की समुद्राच्या पाण्याने काकांचा गुडघा साफ बरा झाला. संध्याकाळी दोघं तांब्या घेऊन दारात आले. मावशींनी त्यांना पाणी दिलं. काकांना निदान दोन दिवस जिना पळत चढावा लागला.

मावशींनी पद्धतशीर सुरुवात केली. मोठं पातेलं, फ्रिजची चकती सर्वांत थंड आकड्यावर, आणि बर्फ अगदी तळापर्यंत गोठेस्तोवर झाकण उघडायचं नाही. अर्धवट काम मावशींना लहानपणापासून खपत नसे. शनिवारी सकाळी पातेल्यातून बर्फाची शुभ्र, दगडासारखी वडी निघाली. एक तुकडा वितळवला, एक चमचाभर पाणी गॅसवर धरून आटवलं. चमच्यात पांढरा थर राहिला. त्यांनी वहीत लिहिलं : 'प्रयोग १. पूर्ण गोठवला. खारट. चमचा पांढरा.'

"अजून थंड करू," त्या म्हणाल्या. पण चकतीवर पुढचा आकडा नव्हता. मग त्यांनी फ्रीजरच्या फटींत जुनी पोती कोंबली.

प्रयोग २. खारट. चमचा पांढरा. प्रयोग ३, लहान वाट्यांत. जास्तच खारट. रविवारपर्यंत घरातला एकही चमचा स्वच्छ उरला नाही. काकांनी चहात साखर ढवळली आणि पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा सातवीतल्या मुलासारखा झाला.

"चिठ्ठी लावली होती त्या चमच्याला," मावशी म्हणाल्या.

"चमच्याच्या चिठ्ठ्या वाचून चहा प्यायचा असेल, तर मी चष्मा बदलून घेतो."

समोरच्या वहिनींना फार वेळ बाहेर ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी दारातून पातेलं पाहिलं, वास घेतला आणि आत येऊन खुर्चीवर बसल्या. मावशींनी त्यांना प्रयोग सांगितला, सव्वीस वर्षं गाळली.

"एवढंच ना? भाजीत मीठ जास्त झालं की काय करतेस?"

"बटाटा टाकते."

"मग?"

मावशींना हे पटलं नव्हतं. पण न करता नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात बसेना, विशेषतः या आठवड्यात. चार बटाटे सोलून पातेल्यात गेले. वहीत नोंद आहे : 'प्रयोग ४. बटाट्यासह. पाण्यात फरक नाही. बटाटा खारट.' वहिनींनी रविवारी संध्याकाळी येऊन निकाल ऐकला आणि बटाटे जुने असतील असं म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा उपाय सुचवला. "नाहीतर बर्फ निघाला की नळाखाली धर ना चांगला. खळखळून धू. मीठ जाईल वाहून."

"मग उरेल ती गोडी कुणाची? बर्फाची की नळाची?"

"गोडीला गोडी म्हण, बाई. तिच्या माहेरची चौकशी कशाला करतेस?"

मावशी हसल्या नाहीत. नळ हा शब्द घरात कुणी काढला, की त्या हल्ली उठून ओटा पुसायला लागत.

सोमवारी सकाळी फ्रिज घरघरला, थरथरला आणि आजाऱ्यासारखा कण्हू लागला. वरच्या खणात दूध कोमट झालं. प्रयोग ५ चं पातेलं आत होतं. मावशींनी फ्रिजवाल्याला बोलावलं. तो गृहस्थ तीस वर्षं शहरभरचे फ्रिज उघडत होता आणि कुठल्याही घरात शिरताना आधी फ्रिजला नमस्कार करावा तसा हात लावत असे. त्याने दार उघडलं, पोती बाहेर ओढली, चकती पाहिली आणि मावशींकडे वळला.

"मावशी, हा काय गुन्हा केला होता या बिचाऱ्याने?"

"मला लवकर आणि पूर्ण बर्फ हवा होता."

"मिळेल. पण तो याचा शेवटचा बर्फ असेल." त्याने पातेलं बाहेर काढलं. फ्रिजमध्ये जीव उरला नव्हता, म्हणून वर बोटभर जाडीचा बर्फाचा थर आणि खाली नुसतं गार पाणी होतं. "हे कुठे ठेवू? सांडेल."

मावशींनी रागारागाने पाणी मोरीत ओतलं. अर्धवट बर्फ! बर्फाचा थर दोन तुकडे होऊन चाळणीत पडला. चाळणी तशीच ओट्यावर राहिली आणि मावशी फ्रिजवाल्यासाठी पंखा, चटई आणि टॉर्च गोळा करायला लागल्या. तासाभराने काका घाम पुसत स्वयंपाकघरात आले. दूध नाही, आइस्क्रीम शनिवारीच संपलेलं, प्यायला गार काही नाही. त्यांनी चाळणीतला निम्मा वितळलेला तुकडा उचलून तोंडात टाकला.

"अगं," ते म्हणाले, "हा आपला बर्फ कधी लावलास?"

"कुठला आपला?"

"हा. गोड आहे."

मावशींच्या हातातला टॉर्च फ्रिजवाल्याच्या पायावर पडला. पुढची पाच मिनिटं स्वयंपाकघरात एक माणूस पाय धरून उभा होता, एक माणूस तोंड उघडं ठेवून उभा होता, आणि मावशी चाळणीवर ओणव्या होऊन तिच्याखालच्या ताटलीत साचलेलं पाणी चाटत होत्या. ते पाणी जहर खारट होतं. वरचा बर्फ, जवळजवळ गोड.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. प्रश्न कुणालाच नव्हता, तरी उत्तर फ्रिजवाल्याने दिलं, कळवळत.

"घाईने गोठवलं की सगळं आतल्या आत कोंडतं, मावशी. हवा काय, मीठ काय. म्हणून तर बर्फ पांढरा दिसतो. हळू गोठलं की काचेसारखा होतो. हा बघा ना."

मावशींनी बघितलं. तुकड्यातून पलीकडचा गॅस दिसत होता.

त्या खाली बसल्या. पाणी मीठ बाहेर टाकतं, सर बरोबर होते. पण बाहेर टाकायला बाहेर काहीतरी शिल्लक असावं लागतं. त्यांनी प्रत्येक वेळी पातेलं तळापर्यंत गोठवलं, म्हणजे घरातल्या कचऱ्याला दारच ठेवलं नव्हतं. अर्धंच गोठवायचं. उरलेलं ओतून द्यायचं. मग बर्फ चाळणीत ठेवून थोडा रडू द्यायचा, म्हणजे अंगाला चिकटलेलं मीठ पहिल्या थेंबांबरोबर निघून जातं. आयुष्यभर ज्या स्वभावाचं लोकांनी कौतुक केलं, त्यानेच त्यांना सव्वीस वर्षं फसवलं होतं. त्यांनी वहीत लिहिलं : 'प्रयोग ५. अर्धवट. यशस्वी.' हे दोन शब्द एका ओळीत लिहिताना त्यांना जरा त्रास झाला.

फ्रिज दुरुस्त झाला. चकती सर्वांत मंद आकड्यावर आली. मंगळवारी अर्धा बर्फ काढला, वितळवला, पुन्हा अर्धा गोठवला. कॅनभर समुद्रातून बुधवारी बाटलीभर पाणी उरलं. चमच्यात आता थर नव्हता, नुसती कड उरत होती, पांढऱ्या दोऱ्याएवढी. पण चव सांगायची कुणी? मावशींची जीभ शंभर चमच्यांनी बधिर झाली होती. काकांची जीभ पक्षपाती होती. फ्रीजर मोकळा व्हावा म्हणून ते आता खडेमीठही गोड म्हणाले असते.

म्हणून मावशी बाटली घेऊन पाणी तपासणीच्या सरकारी कार्यालयात गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. नाव, पत्ता, आणि मग 'पाण्याचा उगम : विहीर / नळ / टँकर. एकावर खूण करा.'

"समुद्र," मावशी म्हणाल्या.

"समुद्राचं पाणी आम्ही पिण्यासाठी तपासत नाही. ते बंदर विभागाकडे."

"पण आता ते समुद्राचं नाही. बर्फाचं आहे."

"बर्फ अन्न विभागाकडे. दुसरा मजला. ते म्हणतील, वितळलेला चालत नाही."

"'इतर' असा रकाना नाही का?"

"होता. गेल्या वर्षी काढला. लोक फार भरायला लागले होते." कारकून पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, एवढं काय त्यात? नळावर खूण करा. कोण बघतंय?"

मावशींचा चेहरा उतरला. त्या इतकं हळू बोलल्या, की कारकुनाला कान पुढे करावा लागला. "नळ सोडून काहीही सांगा. नळ नाही लिहिणार."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून त्याने लोकांना टँकर लपवताना पाहिलं होतं, विहीर लपवताना पाहिलं होतं. नळाला एवढं घाबरणारं माणूस पहिलंच. "खरंच समुद्राचं?" त्याने विचारलं. "तपासता नाही येणार. पण चाखायला अर्ज लागत नाही."

त्याने बाटलीच्या टोपणात घेऊन चाखलं. मग शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं, त्याने आतल्या बाईंना. एकाचं मत पडलं, गोड. दुसऱ्याचं, किंचित खारट. आतल्या बाई म्हणाल्या, नीट कळलं नाही, अजून जरा द्या. पाव तासात बाटली संपली. मावशी रिकामी बाटली घेऊन घरी आल्या, आणि काकांना पुन्हा समुद्रावर जावं लागलं. या खेपेला गुडघ्यांच्या रांगेत सहाजण होते.

शुक्रवारी सकाळी मावशी शाळेत पोचल्या तेव्हा पिशवीत थर्मासमधला, काचेसारखा बर्फ होता. सकाळीच घाईत काढलेला. अर्धं गोठवायची एक फेरी कमी पडली होती, हे त्यांना माहीत होतं. शिक्षकांच्या खोलीवरून जाताना फ्रिज दिसला. वरच्या खणात सरबतासाठी बर्फ लावलेला असणार. दीड मिनिटाचं काम. मावशी तिथे किती वेळ उभ्या होत्या हे सांगता येणार नाही. पण घंटा झाली तेव्हा त्या प्रयोगशाळेत होत्या आणि थर्मास उघडत होत्या.

सातवी आठवीची मुलं दाटीने बसली होती. पुढच्या खुर्च्यांवर शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि सर. सरांचे केस आता पूर्ण पांढरे होते, पण बर्फ चाळणीत पडल्याचा आवाज आला तेव्हा ते पहिल्या वर्षीसारखेच पुढे सरकून बसले. नव्या बाईंनी तत्त्व समजावलं. बर्फ वितळला. साहेबांना पहिला पेला.

साहेबांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"हं. पिण्याजोगं आहे. पण किंचित खारट आहे." आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'अंशतः यशस्वी'.

मुख्याध्यापकांनी घाम पुसला. सर उठून उभे राहिले. "असं कसं? खारट? काहीतरी चुकलंय, मावशी. आपला बर्फ तर शंभर टक्के गोड निघायचा. दर वर्षी!"

नव्या बाई मावशींकडे बघत होत्या, साहेब बघत होते, सत्तर मुलं बघत होती. मावशींनी चाळणी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"तो नळाचा होता, सर."

"कोण?"

"बर्फ. पहिल्या वर्षी समुद्राचा खारट निघाला, म्हणून मी बदलला. मग दर वर्षी बदलला. तुम्हाला सांगितलं नाही. समुद्राचा हा पहिलाच."

मागच्या बाकावरची एक उंच मुलगी म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षी आम्ही खाल्ला तो?"

"नळाचा."

"मी घरी सांगितलं होतं, त्याला समुद्राचा वास येतो!"

वर्गात हशा फुटला. मोठी माणसं हसली नाहीत. साहेबांनी पेन उचललं, कागदाकडे पाहिलं, या प्रकाराला कुठला रकाना असतो ते त्यांना आठवेना, आणि त्यांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. सर अजून उभे होते. छापलेलं टिपण, पंधरा शाळा, सव्वीस टाळ्या, एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं असावं. मावशींनी मान खाली घातली नाही. ऐकून घ्यायला त्या तयार होऊन आल्या होत्या.

सरांनी टेबलावरचा उरलेला पेला उचलला. एक घोट घेऊन तो तोंडात बराच वेळ धरला, डोळे मिटले. मग सगळा पेला संपवला. शेवटच्या थेंबासाठी तो उलटाही केला.

"गोड नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

"पण समुद्रही नाही."

"नाही. निदान तेवढं आता नक्की आहे."

सर खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी नव्या बाईंकडे हात पुढे करून कागद मागितला, साहेबांच्या खिशातून त्यांना न विचारताच पेन काढलं आणि मुलांच्या पहिल्या बाकावर, दोघांना सरकवून, जागा केली.

"कसं केलंत?"

"आधी एक," मावशी म्हणाल्या, "पूर्ण गोठवायचं नाही. अर्धं झालं की थांबायचं, खालचं पाणी ओतून द्यायचं, मग चाळणीत—"

"हळू, मावशी, हळू," सर कागदावरून मान वर न करता म्हणाले. "लिहून घेतोय."